अंधारातला विज्ञानाचा तास

फेब्रुवारीत बडोद्याची थंडी निरोप घेऊन जात नाही, एकदम गायब होते. सकाळी स्वेटर घालून निघायचं आणि दुपारी तोच स्वेटर स्कूटरच्या डिकीत कोंबून परत यायचं, की समजायचं, संपली. आणि त्याच आठवड्यात आमच्या कारेलीबागेत परीक्षेचा वास सुटतो. खरंच वास! झेरॉक्सच्या दुकानातून येणारा गरम कागदाचा, सोसायटीच्या कंपाउंडमध्ये झाडून ढीग केलेल्या कडुलिंबाच्या पानांचा. गच्च्यांवर पोरं फेऱ्या मारत पुटपुटत असतात. लांबून बघितलं तर वाटतं, सगळ्या सोसायटीचं कशावरून तरी बिनसलंय आणि प्रत्येक जण स्वतःशीच भांडतोय.

काल खालच्या मजल्यावरची मिताली वर आली. दहावीत आहे, इंग्लिश मीडियम, घर गुजराती, पण माझ्याशी तिचं तिचं एक मराठी बोलते.

"दीदी, तमारा टाइममध्ये स्मार्टबोर्ड होता?"

"तसा नव्हता. पण होतं काहीतरी. का ग?"

"आमचे सायन्सचे सर आखा चॅप्टर बोर्डवर दाखवतात. मग पेन ड्राइव्हमध्ये देऊन टाकतात. लिहायचंच नाही काही."

"मग मजा आहे की."

"मजा तो छे," ती म्हणाली आणि तोंड वाकडं केलं. "पण घरी आल्यावर काहीच आठवत नाही, बोलो!"

ती साखर घेऊन गेली (आली होती साखर मागायला) आणि मी जी टाइप करायला बसले ती अजून उठलेली नाही. कारण मला आमचा दहावीचा हिवाळा आठवला. दिवाळीची सुट्टी संपली तिथून बोर्डाच्या पहिल्या पेपरापर्यंतचा. मला तो सगळा एकदम आठवतो, क्रमाने नाही. आधी अंधार आठवतो, मग प्रोजेक्टरच्या पंख्याचा घरघर आवाज, मग रोहिणी.

आमची शाळा जुन्या गावातल्या वाडी भागात, मराठी मीडियमची. मी कारेलीबागेतून सायकलने जायचे, बाकी बरेच जण पोळांमधून, म्हणजे तिथल्या चिंचोळ्या गल्ल्यांमधून, चालत यायचे. वर्गात आम्ही बावीस-तेवीस जण. मराठी घरंसुद्धा पोरांना इंग्लिशला घालायला लागली होती, त्यामुळे आमच्या खाली वर्ग अजूनच लहान होत गेलेले. शाळेची इमारत मोठी आणि मुलं कमी, म्हणून प्रत्येक आवाज घुमायचा. शिपाई मगनभाई जिन्यात शिंकले तरी आम्हाला तिसऱ्या मजल्यावर कळायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या एका जुन्या, परदेशात स्थायिक झालेल्या विद्यार्थ्याने एक कॉम्प्युटर, एक प्रोजेक्टर आणि सीडींचा एक खोका दिला. विज्ञानाचे सगळे धडे चित्रांसकट! आम्ही नाचायचे बाकी होतो. रिकाम्या पडलेल्या एका वर्गाच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला, भिंतीवर पांढरा पडदा लावला, दारावर मगनभाईंनी खडूने लिहिलं, 'चंपल बहार काढो'. का, ते कोणालाच माहीत नाही. पण सगळे चपला बाहेर काढून, देवळात जावं तसे आत जायचे.

आणि पहिल्याच दिवशी घोळ. सीडी लावली, आणि आतून एक काका गुजरातीत बोलायला लागले. खोकाभर सीडी, सगळ्या गुजराती! देणाऱ्याने मोठ्या मनाने दिल्या होत्या, पण परदेशात बसून त्याच्या हे लक्षात आलं नव्हतं, की त्याच्या शाळेची पोरं पेपर मराठीत लिहितात.

"चालेल की बाई," प्रसाद म्हणाला. प्रसाद म्हणजे आमच्या वर्गाचा कायमचा बोलका माणूस. "आम्हाला गुजराती येतं. सेवउसळवाल्याशी काय आम्ही मराठीत बोलतो?"

"सेवउसळवाला तुझा पेपर तपासणार आहे का?" पोतनीस बाई म्हणाल्या. पोतनीस बाई आमच्या विज्ञानाच्या. बारीक, उंच, आवाज खणखणीत. त्यांनी माउसवरचा माझा हात बघितला (मी आधीच जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले होते, मला धीर नव्हताच कधी) आणि म्हणाल्या, "सायली, आवाज बंद कर त्याचा. चित्र त्याचं राहू दे. बोलेन मी."

आणि त्या बोलल्या! पुढचे तीन महिने बोलल्या. शाळा सुटल्यावर थांबून त्या उद्याची सीडी आधी एकट्या बघायच्या. लांबट वहीत मराठीत सगळं लिहून काढायच्या, कुठे थांबायचं तिथे लाल फुली मारायच्या. दुसऱ्या दिवशी अंधारात पडद्याच्या बाजूला उभ्या राहून बोलायच्या, आणि लाल फुली आली की चुटकी वाजवायच्या. चुटकी वाजली की मी चित्र थांबवायचं. ते माझं काम. जगात त्याहून महत्त्वाचं काम नव्हतं.

खोटं कशाला बोलू, ते भारी होतं. हृदयाचा धडा मला अजून दिसतो. त्याआधी बाई फळ्यावर हृदय काढायच्या ते भरताच्या वांग्यासारखं यायचं, देठासकट. पाठ केलं होतं सगळं, कर्णिका वर, जवनिका खाली, मध्ये झडपा. पण पडद्यावर त्या झडपा उघडल्या आणि मिटल्या, निळं रक्त उजवीकडून फुप्फुसात गेलं आणि लाल होऊन डावीकडे परत आलं, तेव्हा वर्गात कोणी 'आईशप्पथ' म्हणालं आणि बाई रागावल्यासुद्धा नाहीत. मी नकळत छातीवर हात ठेवला होता. म्हणजे हे आत्ता, या मिनिटाला, माझ्या आत चाललंय? दहा वेळा घोकून जे कळलं नव्हतं ते अर्ध्या मिनिटात कळलं.

"बाई, तुमच्या वांग्यापेक्षा हे बरंय," प्रसाद म्हणाला.

"खरंच बरंय," बाई म्हणाल्या. आणि हसल्या.

त्यांना अजून एक फायदा झाला होता. खडूची पूड त्यांना सोसायची नाही. खोकल्याची ढास लागायची. म्हणून त्यांची एक सवय होती. फळ्याकडे तोंड करून त्या कधीच बोलायच्या नाहीत. आधी मुकाट्याने लिहायचं, खडू खाली ठेवायचा, हात झटकायचे, चार पावलं पुढे येऊन आमच्याकडे तोंड करायचं, आणि मग बोलायचं. बाकी सर लोक लिहितालिहिता फळ्यालाच शिकवत असायचे. प्रोजेक्टर आल्यावर बाईंचा खोकला थांबला. पंधरा दिवसांत आवाज असा मोकळा झाला, की आम्हाला वाटलं, यांनी गाणं शिकायला हरकत नाही.

आता रोहिणी. रोहिणी मोहिते पहिल्या पाटलीवर, बरोबर मधोमध बसायची. पाटली म्हणजे आमच्याकडे बाक. दुसरीकडे कुठे बसवलं तर गप्प उठून परत तिथेच यायची. घर शाळेमागच्याच पोळात. तिचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते म्हणे. वडील शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. मागून हाक मारली तर वळायची नाही. मुली म्हणायच्या, चढेल आहे. मी पण म्हणायचे. मग मला तिचं अक्षर आवडायला लागलं, मग तिचा डबा, आणि मग आम्ही मैत्रिणी झालो. मी बोलायचे, ती माझ्याकडे टक लावून ऐकायची. मला इतकं ऐकून घेणारं आयुष्यात कोणी मिळालं नव्हतं!

विज्ञानात ती पहिल्या तिघांत असायची. डिसेंबरच्या चाचणीत तिला पंचवीसपैकी नऊ मिळाले.

बाईंनी पेपर तिच्या हातात दिला आणि नुसत्या बघत राहिल्या. "लक्ष कुठे असतं ग तुझं? अंधारात झोपतेस की काय?"

रोहिणी पेपराची घडी घालत राहिली, लहान, अजून लहान.

मग उत्तरायण आलं, म्हणजे पतंगांची संक्रांत. बडोद्यात चौदा जानेवारीला जो घरात बसतो तो आजारी तरी असतो नाहीतर बाहेरगावचा तरी. मी त्या वर्षी रोहिणीच्या गच्चीवर गेले होते, कारण वाडीच्या पोळांतल्या गच्च्या इतक्या जवळ की शेजारच्याच्या ताटातली जिलेबी उचलता येते. प्रत्येक गच्चीवर स्पीकर. प्रत्येक स्पीकरवर वेगळं गाणं. वरून भोंगे, थाळ्या आणि 'काप्यो छे'च्या आरोळ्या. कोणाला कोणाचं काही ऐकू येत नव्हतं. मी रोहिणीच्या आईला "काकू, पाणी" म्हटलं तर त्यांनी माझ्या हातात मांजाची फिरकी दिली.

त्या सगळ्या गोंधळात रोहिणी एकटी शांत होती. माझ्या शेजारी उभी राहून ती समोरच्या तिसऱ्या गच्चीकडे बघत होती आणि हसत होती.

"काय ग?" मी तिच्यासमोर जाऊन ओरडले.

"ते बनियनवाले काका बायकोला म्हणतायत, तुझ्या भावाने आणलेला मांजा कच्चा आहे. ती म्हणतेय, मांजा पक्का आहे, तुमचे हात कच्चे आहेत."

मी बघितलं. काका-काकूंचे ओठ हलत होते. आवाज शून्य.

"तुला ऐकू आलं?"

"नाही."

"मग?"

ती माझ्याकडे बघत राहिली. पतंग बघायला वर केलेला हात खाली घेतला. आणि मग त्या कानठळ्या बसवणाऱ्या गच्चीवर, हळू आवाजात, तिने मला सांगितलं. तिचं मला ऐकूच येईना. मी तिच्या ओठांकडे बघायला लागले. आणि मला जेमतेम चार शब्द कळले, तेवढ्यात मला सगळं कळलं.

बाकीचं तिने कानाशी येऊन सांगितलं. सात वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला होता. त्यात डावा कान गेला. उजव्याने थोडं येतं, जवळून. घरी सगळ्यांना वाटायचं, थोडं कमी ऐकते, आणि बरीचशी हट्टी आहे. किती कमी, हे तिने कोणाला कळू दिलं नव्हतं. कारण करजणला तिचे मोठे काका राहायचे. त्यांनी एकदा तिच्या वडिलांना तिच्यासमोरच सांगितलं होतं, "शाळेतून तक्रार आली की पोरीला सरळ करजणला पाठवून दे. घरकाम शिकेल. बहिऱ्याला कशाला दहावी?" त्यांना वाटलं ती ऐकत नाहीये. ऐकत नव्हतीच. बघत होती.

"कोणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "बाईंनापण नाही. शप्पथ घे. तुझ्या पोटात काही राहत नाही, मला माहितीय."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. वर कोणाचा तरी पतंग कापला गेला आणि अख्खी वाडी ओरडली.

तेव्हा मला उलगडलं, ती विज्ञानात का पुढे असायची. पोतनीस बाईंचा खोकला! अख्ख्या शाळेत त्या एकट्याच तोंड समोर करून बोलायच्या. आणि आता त्या अंधारात, पडद्याच्या बाजूला उभ्या राहून, वहीत बघून बोलत होत्या. पडद्यावर निळंलाल रक्त धावत होतं आणि रोहिणीला त्यातलं एक अक्षर मिळत नव्हतं. जी गोष्ट माझ्या डोक्यातला दिवा लावत होती, तीच तिचा घालवत होती. एकाच खोलीत, एकाच मिनिटाला. आणि माउस माझ्या हातात.

मग मी शपथ न मोडता मदत करायचे उद्योग सुरू केले. खिडकीचा काळा कागद एका कोपऱ्यात फाडला. मगनभाईंनी लगेच पट्टी मारली आणि कोणीतरी फाडलाय असं वर मलाच सांगितलं, "कोईए फाडी नाख्यो, बोलो!" चुटकी नसताना चित्र थांबवलं. बाई म्हणाल्या, "सायली, तुझं बोट ठिकाणावर ठेव." मग मला युक्ती सुचली. बाईंची ती लांबट वही मी मागून घेतली, "शुद्ध करून टाइप करून देते" म्हणून. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट होता. पहिलं पान टाइप करायला मला सगळी रिसेस लागली. 'क्ष' कुठल्या बटणावर आहे हे शोधण्यात अर्धी गेली. पण महिनाभरात बोटं अशी पळायला लागली की ऑफिसातले क्लार्ककाका चहा घेऊन बघायला उभे राहायचे. आज मी ज्या स्पीडने हे लिहितेय तो तिथला आहे.

तासाच्या आधी मी रोहिणीला छापलेला कागद द्यायचे. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी प्रसादने बघितलं.

"अरे वा! हिलाच? आम्ही काय घोडं मारलंय?"

बाईंना कल्पना फारच आवडली. सगळ्यांसाठी झेरॉक्स निघाल्या. आणि मजा बघा, आठवड्याभरात वर्ग मेल्यासारखा झाला. सगळं कागदावर आहेच, मग ऐकायचं कशाला? अंधारात कोणी पेंगत होतं, कोणी बोरं खात होतं. आधी चित्र थांबलं की 'बाई पण असं का' म्हणून पाच हात वर व्हायचे. ते बंद झाले. लिहायचंच नाही काही, असं काल मिताली म्हणाली ना, तेव्हा मला तीच खोली दिसली.

आणि रोहिणी? मी तिला विचारलं, "आता कळतंय ना सगळं?"

तिने कागद माझ्यासमोर धरला. "हे जे तू टाइप करतेस ते विज्ञानाच्या छापील चोपडीत पण आहे, सायले. बाई मध्येच थांबून जे बोलतात ते कुठे आहे? प्रसादने काहीतरी विचारलं, सगळे हसले, मग बाई दोन मिनिटं बोलल्या. ते काय होतं?"

मला आठवेना. मी चुटकीची वाट बघत होते.

प्रिलिमला रोहिणीला विज्ञानात शंभरपैकी एकोणतीस मिळाले. पास व्हायला पस्तीस लागतात. बाईंनी तिला उभं केलं आणि म्हणाल्या, "उद्या वडिलांना घेऊन ये." या वेळी त्या तिच्याकडे तोंड करून बोलल्या, त्यामुळे तिला बरोबर कळलं.

रिसेसमध्ये ती पाण्याच्या टाकीजवळ उभी होती. रडत नव्हती. "उद्या बाबा येतील," ती म्हणाली, "बाई म्हणतील, लक्ष देत नाही. रविवारी करजणचे काका येतातच."

मी काय केलं ते सरळ लिहून टाकते. शाळा सुटल्यावर मी त्या काळ्या कागदाच्या खोलीत गेले. बाई एकट्या उद्याची सीडी बघत होत्या. मी दारातच सगळं बोलून टाकलं. टायफॉइड, डावा कान, ओठ, करजण, सगळं, एका दमात. शपथ घेऊन महिना-दीड महिना झाला होता. माझ्यासाठी तो विक्रम होता, पण शपथेला विक्रम चालत नाही.

बाईंनी चित्र थांबवलं.

"तीन वर्षं समोर बसते माझ्या," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, अख्ख्या वर्गात हीच एक माझ्याकडे बघते. मी तिच्याकडे बघूनच शिकवायचे, माहितीय? तिच्या कपाळावर आठी दिसली की परत सांगायचे." मग पडद्याकडे बघून म्हणाल्या, "आणि अंधार केल्यापासून मला आठीच दिसली नाही कोणाची."

दुसऱ्या दिवशी मोहितेकाका, रोहिणीचे बाबा, आले. हाताला मशीनच्या तेलाचा वास, शर्ट इस्त्रीचा. मी ऑफिसच्या खिडकीखाली चपलेचा बंद बांधत होते. माझ्या चपलेला बंद नव्हता.

"बेन, मस्ती करते का ती?" त्यांनी विचारलं.

"नाही. चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "मी अंधारात शिकवलं. तिला माझं तोंड दिसायला पाहिजे. तिला फार कमी ऐकू येतं, मोहिते. तुम्हाला वाटतं त्याहून खूप कमी."

काका म्हणाले, "मी मशीन चालवता चालवता तिला हाक मारतो. ओ देत नाही. मी ओरडतो." त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "दोन-तीनदा हातपण उचललाय."

"आता समोर जाऊन बोला."

"मग ती करू शकेल दहावी?"

"करू शकेल. मी माझं नीट केलं तर," बाई म्हणाल्या.

नीट म्हणजे काय, हे पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही बघितलं. बाईंनी प्रोजेक्टर फेकून दिला नाही. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण आमच्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते मशीननेच सगळं होतं, दुसरी म्हणते मशीनने सगळं बिघडवलं. बाई म्हणाल्या, आधी फक्त बघायचं. कोणी बोलायचं नाही, मीसुद्धा नाही. चित्र एकदा पूर्ण मुकं चालायचं, तीन-चार मिनिटं. मग मगनभाई ट्यूबलाइट लावायचे, चित्र फिक्कट व्हायचं, बाई पडद्याच्या पुढे येऊन तोंड आमच्याकडे करून बोलायच्या. प्रश्न कोणी विचारला तर त्या तो आधी स्वतः परत म्हणायच्या, मोठ्याने, आणि मग उत्तर द्यायच्या. वर्गाला त्यांनी कारण सांगितलं नाही. झेरॉक्स बंद. शेवटी दहा मिनिटं फळा, आणि आकृती आम्ही काढायची. खडू परत आला, खोकला परत आला. खिशात खडीसाखर ठेवायला लागल्या.

आणि फायदा सगळ्यांचाच झाला. मुकं चित्र बघताना प्रत्येक जण डोक्यात स्वतःचं काहीतरी म्हणत असायचा. दिवा लागला की ते बाहेर उडायचं. प्रसादने त्या तीन आठवड्यांत जितके प्रश्न विचारले तितके आधीच्या दोन वर्षांत विचारले नव्हते. त्यातले निम्मे वाह्यात होते, पण निम्मे चांगले होते.

इथे गोष्ट छान संपवता आली असती. पण रोहिणी माझ्याशी बोलायची बंद झाली.

मला वाटलं होतं, ती येऊन गळ्यात पडेल. करजण टळलं, तिचे बाबा समोर जाऊन बोलायला लागले, बाई तिच्याकडे बघून शिकवायला लागल्या. अजून काय पाहिजे? मी तिला टाकीजवळ गाठलं. "अग, झालं ना सगळं नीट!"

"झालं."

"मग?"

"मी सांगणार होते," ती म्हणाली. "आज ना उद्या, मीच. बाबांना पण. मी मनात म्हणून पण ठेवलं होतं, कसं सांगायचं ते. तू ते घेऊन टाकलंस."

"तू सांगितलं नसतंस! घाबरली होतीस."

"घाबरलेच होते. म्हणून तर मला सांगायचं होतं."

मला तेव्हा ते कळलं नाही. मला राग आला, उपकार केले आणि वर बोलणी, असं वाटलं. मार्चमध्ये परीक्षा झाली. बाहेर ऊन तापलं होतं, सेंटरबाहेर आया दही-साखरेचे डबे घेऊन उभ्या होत्या, आणि आम्ही दोघी एकाच रांगेत उभ्या, ती पुढे आणि मी तिच्या वेणीकडे बघत. ती पास झाली. विज्ञानात एकसष्ट. मला चौसष्ट. मला ते तीन मार्क तिच्यापेक्षा जास्त नको होते, पण ते परत करायची सोय नसते.

आज विचार करते तेव्हा वाटतं, माझी चूक प्रोजेक्टरसारखीच होती. चांगल्यासाठीच होती, कामही झालं. फक्त मीही तिचा आवाज बंद करून तिच्या जागी बोलले. बाईंनी निदान चुकल्यावर दिवा लावला. मी शपथ मोडलीच नसती तर करजण झालं असतं का? बहुतेक झालं असतं. म्हणून मी अजून म्हणत नाही की मी सांगायला नको होतं. पण आधी तिला विचारायला पाहिजे होतं, 'मी सांगू, की तू सांगतेस आणि मी शेजारी उभी राहते?' एवढं विचारायला पाच सेकंद लागतात. माझ्याकडे पाच सेकंद नव्हते, मला घाई होती.

जूनमध्ये अकरावी सुरू झाली. आमच्या शाळेत अकरावी नव्हती. नवी शाळा, गुजराती मीडियम, एका वर्गात सत्तरच्या वर मुलं, पंखे खडखडणारे. रोहिणी पहिल्या पाटलीवर मधोमध. मी चार पाटल्या मागे. पहिलाच तास फिजिक्सचा. सर आले, नाव सांगितलं, वळले आणि फळ्याकडे तोंड करून धडाधड बोलायला लागले.

रोहिणीने हात वर केला. सरांना पाठीला डोळे नव्हते, त्यामुळे ती उभीच राहिली. वर्गात खसखस झाली तेव्हा सर वळले.

"शुं छे, बेन?"

"सर, मने ओछुं संभळाय छे," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, मग सरळ झाला. मला कमी ऐकू येतं, बोलताना इकडे तोंड कराल का, एवढंच तिने विचारलं. सत्तर अनोळखी पोरांसमोर, पहिल्या दिवशी.

"हा हा, चोक्कस," सर म्हणाले. दोन वाक्यं तिच्याकडे बघून बोलले. तिसऱ्या वाक्याला परत फळ्याकडे वळले. रोहिणीने परत हात वर केला. या वेळी मागून कोणीतरी हसलं. सरांनी "सॉरी, सॉरी" म्हटलं.

माझ्या शेजारची मुलगी मला कोपराने ढोसून म्हणाली, "कोण छे आ? ओळखतेस तू?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. मी नुसती मान हलवली, हो.

पाच मिनिटं बरी गेली. मग सर एक सूत्र लिहिता लिहिता रंगात आले आणि तिसऱ्यांदा फळ्याशी बोलायला लागले. हसणारे तयार होऊन बसले होते. रोहिणीने पुन्हा हात वर केला.